ब्राइसने बांधलेलं चर्च (आणि त्याने न बांधलेली दरी)

पायवाट

शीर्षक वाचून अमेरिकेतल्या ब्राइस कॅनियनचे फोटो बघायला आत आलेल्यांनी इथूनच परत फिरावं. ते फोटो या संस्थळावर दर उन्हाळ्यात चार तरी धाग्यांत येतातच. हा धागा एका छोट्या पांढऱ्या चर्चबद्दल आहे.

मागच्या महिन्यात आईबाबांना घेऊन व्हेगास-झायन-ब्राइस ही आपल्या लोकांची ठरलेली वारी केली. यूटा राज्यातल्या सेंट जॉर्जला पारा एवढा चढला होता की बाबा गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. हॉटेलवाल्या बाईंनी सांगितलं, वर पाइन व्हॅलीला जा, गार आहे. उत्तरेकडे तासाभराचा रस्ता. सेंट जॉर्ज जेमतेम २,८०० फुटांवर, पाइन व्हॅली साधारण साडेसहा हजारांवर. वर पोचलो तर हिरवंगार कुरण, मागे डोंगर, चार घरं आणि मधोमध हे चर्च. १८६८ सालचं.

बांधकाम कोणाच्या देखरेखीखाली झालं? एबेनेझर ब्राइस. हो, तोच. ज्याच्या नावाच्या दरीसाठी आपण व्हेगासपासून चार तास गाडी हाकतो, तो.

हा १८३० साली स्कॉटलंडमध्ये डनब्लेनला जन्मला. पोरवयात जहाजाच्या गोदीत उमेदवारी केली, सतराव्या वर्षी मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथात गेला आणि पुढे अमेरिका गाठून यूटात आला. पाइन व्हॅलीत लाकूड कापायच्या गिरण्या होत्या, तिथे तो कामाला लागला. गावाला प्रार्थनेसाठी जागा हवी होती. याने चर्च कधी बांधलेलं नव्हतं, पण जहाज येत होतं. मग त्याने जहाजच बांधलं, फक्त उलटं. छपराचा आतला सांगाडा म्हणजे पालथी घातलेली नाव. भिंती जमिनीवर आडव्या जुळवल्या, मग उभ्या करून एकमेकींत अडकवल्या. जोड लाकडी खुंट्यांचे आणि चामड्याच्या वाद्यांचे. पायाला ग्रॅनाइट आणि तांबडा दगड. गावात असं सांगतात की ब्राइस म्हणायचा, पूर आला तर ही इमारत तरंगेल आणि वादळ आलं तर गडगडत जाईल, पण मोडणार नाही.

माहिती सांगायला एक सत्तरीचं जोडपं होतं, दोघंही स्वयंसेवक. त्यांनी आम्हाला माळ्यावर नेलं. वाकून आत शिरलो आणि वर बघितलं तर खरंच, होडीच्या पोटात उभं राहून तिचा तळ बघावा तसं दिसतं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. आईने खाली येऊन विचारलं, "इथे क्रूस कसा नाही?" मॉर्मन लोक चर्चवर क्रूस लावत नाहीत, हे मलाही तेव्हाच कळलं. (त्यांना हल्ली 'मॉर्मन' म्हटलेलं आवडत नाही. पण पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' एवढं लांब आहे, तेव्हा इथे चालवून घ्या.)

मला कुरतडतंय ते वेगळंच. ब्राइस १८७५ च्या सुमारास पाइन व्हॅली सोडून त्या दरीच्या पायथ्याशी राहायला गेला. तिथे पाण्याचा पाट काढला, लाकूड खाली आणायला रस्ता केला, म्हणून आसपासचे लोक 'ब्राइसची दरी' म्हणू लागले. १८८० मध्ये तो तेही सोडून ॲरिझोनाला गेला. त्या जगप्रसिद्ध दरीबद्दल त्याचं मत काय, तर गाय हरवायला महाभयंकर जागा. जे त्याने केलं नाही त्यावर त्याचं नाव आहे, आणि जे केलं तिथे आम्ही सोडून दुसरी एकच गाडी उभी होती.

---

बॉस्टनवाला_बाब्या

छान लिहिलंय. आमच्या इकडे हिंगमला 'ओल्ड शिप चर्च' आहे, १६८१ सालचं. त्याच्याही छपराबद्दल हेच सांगतात, पालथी नाव, जहाजाच्या सुतारांचं काम. अमेरिकेत सलग प्रार्थनेसाठी वापरात असलेली ती सर्वांत जुनी लाकडी इमारत. तेव्हा १८६८ म्हणजे आमच्या हिशेबात कालचं पोर :)

पायवाट

@बाब्या, मान्य. पाइन व्हॅलीचा दावा मॉर्मन चर्चपुरताच आहे: सलग वापरात असलेलं त्यांचं सर्वांत जुनं प्रार्थनाघर. 'सर्वांत जुनं' म्हटलं की पुढे दोनतीन विशेषणं निमूटपणे जोडायची असतात. आपल्याकडे 'आशिया खंडातील सर्वांत मोठं' म्हणतात तसंच.

---

खडूस_इंजिनीयर

थोडं पाणी ओततो. तीव्र उताराचं कुठलंही लाकडी छप्पर आतून पालथ्या नावेसारखंच दिसतं. मधला कणा, दोन्हीकडे बरगड्या, वरून फळ्या. कोकणातल्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर चढून बघा, आढं आणि वासे तसेच दिसतात. 'जहाजाच्या सुताराने बांधलं' ही दंतकथा जगभर शेकडो चर्चना चिकटलेली आहे. युरोपी भाषांत तर चर्चच्या मुख्य दालनाला म्हणतातच 'नेव्ह', लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज यावरून.

सुतारकी

@खडूस, 'नाविस' आणि आपली 'नाव' या सख्ख्या बहिणी आहेत. संस्कृत 'नौ'. म्हणजे मराठी माणसाने नेव्हला सरळ 'नाव' म्हटलं तरी चूक नाही.

तुमचा मुद्दा एरवी बरोबर, पण इथे लागू नाही. इतर ठिकाणी आधी छपराचा आकार दिसतो आणि मागाहून त्याला जहाजवाला चिकटवतात. इथे जहाजवाला आधीपासून हजर आहे, नाव-गाव-जन्मसालासकट. दुसरं, भिंत जमिनीवर आडवी जुळवून मग उभी करणं. हे धान्याच्या कोठारवाल्यांनाही येतं, एकट्या जहाजवाल्यांची मक्तेदारी नाही. म्हणजे अर्धं श्रेय कोठाराला द्या. उरलेलं अर्धं मी तरी ब्राइसला देईन.

खडूस_इंजिनीयर

अर्ध्यावर तडजोड मंजूर. पण खुंट्या आणि वाद्या हा ब्राइसचा शोध नव्हे. सॉल्ट लेक सिटीचं टॅबरनॅकल (मॉर्मनांचं मोठं सभागृह) १८६७ चं. हेन्री ग्रो नावाच्या पूल बांधणाऱ्याने पुलाच्या जाळीदार कैच्या वाकवून त्याचं छप्पर केलं, अडीचशे फूट लांब, दीडशे फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही. तिथेही लाकडी खुंट्या, आणि जिथे लाकूड तडकलं तिथे ओल्या कातड्याचे वेढे. त्या काळी यूटात ही सर्वांचीच पद्धत होती. कारण साधं, लोखंड नव्हतं. सीडर सिटीला १८५१ पासून लोखंड गाळायचा खटाटोप चालला, सात वर्षांत गुंडाळला. रेल्वे जोडली गेली १० मे १८६९ ला, प्रॉमंटरीला. त्याआधी प्रत्येक खिळा बैलगाडीने हजार मैल यायचा.

पायवाट

हे फार मोलाचं. चर्चमधल्या त्या स्वयंसेवक आजोबांनी एक गोष्ट सांगितली होती ती आत्ता जुळली. यूटात 'पायोनियर' म्हणजे कोणीही जुना माणूस नव्हे. १८४७ ते रेल्वे येईपर्यंत, म्हणजे १८६९ पर्यंत, जे पायी किंवा गाडीने आले तेच पायोनियर. आगगाडीने आला तो नुसताच माणूस! २४ जुलैला राज्यभर सुट्टी असते त्यांच्या नावाने. हे चर्च त्या सीमारेषेच्या एक वर्ष अलीकडचं. दोनच वर्षांनी बांधलं असतं तर कदाचित खिळ्यांनी ठोकलं असतं आणि मी हा धागा काढला नसता.

---

माळरान

वाद्यांवरून राहवेना म्हणून लॉगिन झालो. आमच्या घरी जुवाला आणि मोटेला चामड्याच्या वाद्या असायच्या. आजोबा वादी रात्रभर भिजत घालायचे, ओलीच आवळून बांधायचे. वाळली की अशी आकसायची की पुढे सुटायचं नाव नाही, कापावीच लागे. लाकूड उन्हात थोडं इकडेतिकडे झालं तरी वादी बरोबर हलते. खिळा तसा हलत नाही, तो लाकूड फाडतो. पाइनसारखं मऊ, ताजं कापलेलं लाकूड असेल तर खुंटी आणि वादी ही गरिबीची सोय नव्हे, शहाणपण आहे.

आम्ही मात्र घर बांधताना आजोबांचं सगळं लाकूड भंगारवाल्याला वजनावर विकलं. असो.

---

वऱ्हाडी_ठेचा

मला सेंट जॉर्ज हे नाव वाचून वेगळंच आठवलं. हे लोक तिथे गेले कशाला हे कोणी विचारलंच नाही! कापसासाठी! १८६१ च्या ऑक्टोबरात मॉर्मनांचा पुढारी ब्रिगम यंग याने तीनशेनऊ कुटुंबं दक्षिणेकडे पाठवली, कापूस पिकवा म्हणून. त्या भागाला आजही 'डिक्सी' म्हणतात ते त्यामुळेच. अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालेलं, दक्षिणेचा कापूस बंद.

आणि तोच कापूस बंद झाल्यामुळे इकडे मुंबईत काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या, वऱ्हाड-खानदेशच्या रुईला सोन्याचा भाव, प्रेमचंद रायचंद, बॅक बे भराव कंपनीचे शेअर. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळा फुगा फुटला. म्हणजे एकाच युद्धाने आमच्याकडे शेटजी तयार केले आणि यूटाच्या वाळवंटात शेतकरी. आमचे शेटजी बुडाले. त्यांचं काय झालं?

पायवाट

@ठेचा, लाख मोलाचा प्रश्न. खाली वॉशिंग्टन गावात त्यांची दगडी सूतगिरणी उभी आहे, युद्ध संपता संपता बांधलेली, म्हणजे मुहूर्त चुकलाच. पुढे रेल्वेने बाहेरचं स्वस्त कापड आलं आणि कापसाचा खेळ आटोपला.

पाइन व्हॅलीचा संबंध असा, की खाली वाळवंटात कापूस, पण लाकडाची काडी नाही. लाकूड वरून यायचं. चर्चच्या आधीच इथे गिरण्या सुरू होत्या, पहिली १८५६ ची. सेंट जॉर्जच्या तांबड्या दगडाच्या टॅबरनॅकलला इथलं लाकूड, नेव्हाडातल्या पिओच गावच्या खाणींना इथलं लाकूड. आणि सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकलमधल्या त्या प्रसिद्ध ऑर्गनच्या नळ्यांसाठी इथून पाइन गेला. तीनशे मैल, बैलगाडीने! ऑर्गन बांधणारा जोसेफ रिजेस ऑस्ट्रेलियाहून आलेला. इथला पाइन सरळ, गाठी कमी, म्हणून निवडला. त्या मूळच्या लाकडी नळ्यांतल्या काही आजही दर्शनी भागात आहेत.

म्हणजे जिथून एवढं लाकूड दुनियेला गेलं त्या गावाने स्वतःसाठी ठेवलं ते हे एवढंसं चर्च. शेजारी विटांचं एक छोटं घर आहे, दशमांशाचं (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, त्याचं) कार्यालय. रोख पैसा कोणाकडे नव्हता, म्हणून दशमांश अंडी, कोंबड्या, धान्य, गवत अशा रूपात यायचा.

सुतारकी

आमच्याकडे बलुतं, त्यांच्याकडे दशमांश. अंड्यांचा दशमांश कसा मोजत असतील? नऊ अंडी झाली तर थांबायचं का दहाव्यासाठी?

---

दुपारची_झोप

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू. ती जागा रिकामी नव्हती. सदर्न पायूट लोकांचा मुलूख होता तो. याच पाइन व्हॅलीच्या डोंगरात उगम पावणाऱ्या सांता क्लारा नदीकाठी त्यांची मक्याची शेतं होती. गुरं आली, पाट वळवले गेले, गवताच्या बियांवर जगणाऱ्यांचं खाणं संपलं. १९५४ मध्ये अमेरिकी सरकारने यूटातल्या पायूटांची जमात म्हणून मान्यताच काढून घेतली, ती परत मिळाली १९८० मध्ये.

दुसरी गोष्ट. पाइन व्हॅलीच्या फाट्यापुढे त्याच हायवेलगत 'माउंटन मेडोज' ची पाटी लागते. ११ सप्टेंबर १८५७. आर्कन्सोहून कॅलिफोर्नियाला निघालेला तांडा, पांढरं निशाण दाखवून बाहेर काढला आणि सुमारे १२० माणसं मारली. मारणारे स्थानिक मॉर्मन शिबंदीचे, सोबत काही पायूट. सतरा लहान मुलं तेवढी जिवंत ठेवली. वीस वर्षांनी एकाच माणसाला शिक्षा झाली, जॉन डी. लीला, त्याच जागी नेऊन गोळ्या घातल्या. चर्च उभं राहिलं तेव्हा या घटनेला अकरा वर्षं झाली होती. त्या बाकांवर कोण कोण बसलं असेल, हा विचार मला तिथे शांत बसू देणार नाही.

पायवाट

पाटी मीही पाहिली, थांबलो नाही. आई-बाबा सोबत होते, ऊन होतं, अशी कारणं आहेत. पण मूळ लेखात याचा उल्लेख न करणं ही चूक होती. 'हिरवंगार कुरण आणि चार घरं' असं लिहिताना मला ते फार सोयीचं वाटलं. पायूटांबद्दल त्या आजोबांनीही काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

खडूस_इंजिनीयर

ब्राइस १८५७ ला पाइन व्हॅलीत नव्हता, १८६० नंतर आला. त्याच्यापुरतं एवढं सांगून ठेवतो.

दुपारची_झोप

त्याच्यावर माझा आरोप नाहीच. कुरणाबद्दल बोलत होते.

---

जुनी_पेठ

एक खरा मराठी धागा जोडून देते. मॉर्मन मंडळी आपल्याकडे यूटाच्या कापसाच्याही आधी आली होती. १८५१ मध्ये ह्यू फिंडले नावाचा प्रचारक मुंबईत उतरला, पुढे पुण्याच्या छावणीत त्याने छोटीशी मंडळी जमवली. काही वर्षांत सगळं थंडावलं. म्हणजे पाइन व्हॅलीत पहिली गिरणी सुरू व्हायच्या आत पुण्यात मॉर्मन मंडळी होती. पुणेकरांनी नोंद घ्यावी, हेही आपल्याकडे आधीच झालेलं आहे.

सुतारकी

:D :D आणि बंद दुपारी एक ते चार.

जुनी_पेठ

अवांतराबद्दल क्षमस्व, पण त्याच भागातली एक गोष्ट मला फार आवडते. १८७९ मध्ये शेजारच्या सिल्व्हर रीफ या चांदीच्या खाणगावातल्या कॅथलिक धर्मगुरूंना, फादर स्कॅनलन यांना, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य प्रार्थना) म्हणायला मोठी जागा हवी होती. सेंट जॉर्जच्या मॉर्मन मंडळींनी आपलं टॅबरनॅकल दिलं. गायकवृंदही दिला. त्यातल्या कोणाला लॅटिन येत नव्हतं, तरी ते मिस्सा बसवून गायले. वर ज्यांना कडू लागलं त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही, एकाने दुसरं पुसलं जात नाही. पण हेही तिथलंच आहे.

---

पायवाट

गाईचं एक राहिलं. पाइन व्हॅली गोऱ्यांना सापडली कशी? १८५५ मध्ये आयझॅक रिडल नावाचा माणूस गुरं राखत होता, त्याची एक गाय भरकटली. तिच्या मागावर तो वर चढला तर समोर पाइनचं रान. म्हणजे गाय हरवली म्हणून गाव वसलं, गावात ब्राइस आला, चर्च बांधलं, तिथून उठून जिथे गेला तिथे म्हणाला गाय हरवायला वाईट जागा. त्याला म्हणायचं असेल की पाइन व्हॅली चांगली जागा होती.

माळरान

हे वाचून आमच्या म्हाताऱ्याने मान डोलावली असती.

---

नाखवा_नाही_मी

उशिरा आलो. माझं गाव देवगड तालुक्यात, सख्खे काका आयुष्यभर होड्या बांधायचे. आता फायबरच्या आल्या, काम संपलं, काका ओसरीवर बसून असतात. पायवाट, तुमचे माळ्यावरचे फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवता का? काकांना दाखवतो. खडूस आणि सुतारकी यांचा निकाल लागेल.

पायवाट

पाठवले, अकरा आहेत. अंधारामुळे तीन हलले आहेत.

खडूस_इंजिनीयर

निकाल बंधनकारक नाही, हे आधीच नोंदवतो.

नाखवा_नाही_मी

काल रात्री दाखवले. काकांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि अर्धा तास परत दिला नाही. कणा कुठून कुठे गेलाय, बरगड्या त्यात कशा बसवल्यात, ते बोटांनी मोठं करकरून बघत होते. काकी जेवायला हाक मारून थकली. शेवटी म्हणाले, "ह्यो माणूस होडयेवालोच. घरवालो न्हय."

म्हणजे सुतारकी जिंकले.

मग मी त्यांना सांगितलं, काका, तो म्हणायचा पूर आला तर ही तरंगेल. काकांनी फोन परत डोळ्यांजवळ नेला. "तरंगाची नाय. फळयांच्या फटींत कापूस खंय भरल्यान हा?"

होडीच्या फटी कापूस आणि राळ भरूनच बुजवतात. मी म्हटलं, कापूस खाली पिकत होता, डोंगराच्या पायथ्याशी. आणि राळ तर वर झाडांतूनच गळत असणार, पाइनचंच रान.

"मगे?" काका म्हणाले. "दोनय असून भरूक नाय?"

आणि उठून जेवायला गेले.